आईनं उचललेला भंडारा

(मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका शाळेबाहेर मतदानाची रांग. ऑस्ट्रेलियाच्या संसदेची निवडणूक, शनिवारची दुपार. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात तेव्हा सकाळ. प्रतिभा रांगेत उभी, तिची लेक धनश्री बाबागाडीत. तिचा मोठा भाऊ सूरज निळा टी-शर्ट घालून लिबरल पक्षाची पत्रकं वाटतोय. दोघंही आता इथले नागरिक. तिसरा आवाज फोनवरचा, त्यांच्या आईचा, तानुबाईचा.)

प्रतिभा : …आणि पूनमवहिनी तुझं घर सोडून जाताना मला हेच म्हणाली होती. ‘तुझा भाऊ तुला कधी धमकी देणार नाही. तो आईला पुढं घालील.’ मी म्हटलं, वहिनी, रागात आहेस म्हणून बोलतेस.

सूरज : पूनमचं नाव रांगेत काढू नको. मागं दोन मराठी घरं उभी हायेत. हा कागद घे.

प्रतिभा : नको.

सूरज : बारके, कागद घे. सख्खी बहीण कागद घेत न्हाई म्हणल्यावर मी दुसऱ्याच्या हातात कुठल्या तोंडानं देऊ?

प्रतिभा : तोंडाचं राहू दे. सकाळी आईला काय बोललास ते आधी सांग. तिचा मगाशी फोन आला, नीट बोलत नव्हती. भंडारा उचलून शपथ घेतलीय म्हणाली. कशासाठी?

सूरज : तुझ्यासाठी. फोन समईला टेकवून ठेवायला लावला, देव्हाऱ्यापुढं बसवली, हातात बेल आन् भंडारा. ‘परतिभाचं मत सूरजच्या मताबरोबर पडलं, हे सूरजच्या तोंडनं ऐकल्याबिगर घास घेणार न्हाई.’ गावात सोसायटीच्या इलेक्शनला आपले आप्पा घरोघर असाच उचलायला लावायचे. तू लहान होतीस.

प्रतिभा : एवढी लहान नव्हते. आप्पा मत देणाऱ्याला उचलायला लावायचे. मत देणाऱ्याच्या आईला नाही.

सूरज : तू उचलला असतास?

प्रतिभा : नाही.

सूरज : मग झालं तर.

प्रतिभा : दादा, इथं मत गुप्त असतं.

सूरज : तिकडं काय चावडीवर वाचून दाखवत्यात? तिकडंबी गुप्तच. म्हणून तर भंडारा हाय. मत उघड असतं तर देवाला कशाला तरास दिला असता.

प्रतिभा : माझ्या एका मतानं तुझा माणूस निवडून येणार आहे?

सूरज : त्याच्या निवडून यायचं सोड. मी त्याला शब्द दिलाय, ह्या भागातली आपली मराठी घरं माझ्या बाहेर न्हाईत. पुढच्या वेळी मला कौन्सिलला उभं राहायचंय. आन् माझी बहीण त्या लेबरच्या बाईबरोबर दात काढत उभी. फोटो निघाला असंल एव्हाना.

प्रतिभा : तिनं धनूला फुगा दिला म्हणून हसले.

सूरज : लाल फुगा.

प्रतिभा : दोन वर्षांची आहे ती. तिच्या लेखी लाल म्हणजे लाल.

सूरज : लोकांच्या लेखी लेबर. बरं, भंडारा घडीभर बाजूला ठेव, मुद्द्यावर ये. लेबरनं तीन वर्षांत तुला काय दिलं? घरभाडं बघ. लाइटबिल बघ. माझे दोन ट्रक हायेत, डिझेल भरताना घाम फुटतो. आमचे म्हणत्यात, आलो की तेलावरचा कर वर्षभर निम्मा.

प्रतिभा : वर्षभर. मग?

सूरज : मगचं मग.

प्रतिभा : धनूला जानेवारीत ताप चढला, डोळे पांढरे केले तिनं. मी सरकारी दवाखान्याचं कार्ड दाखवलं, डॉक्टरनं तपासली, पाकीट न उघडता घरी आलो. मला ट्रक नाहीत, दादा. पोर आहे. मी त्याच्यासाठी मत देते.

सूरज : दवाखान्याला आमचेबी तेवढेच पैसे देणार हायेत. टीव्ही बघत जा जरा.

प्रतिभा : बघते. लेबरनं सांगितलं, आणि तुमच्यांनी दुसऱ्या तोंडानं तेच सांगितलं. तेच करायचं असेल तर तुमचे कशाला पाहिजेत?

सूरज : लाइटसाठी. अणुवीज आणणार हायेत.

प्रतिभा : धनू कॉलेजला जाईल तेव्हा.

सूरज : आन् तुमचे पवनचक्क्या लावणार. वारा पडला की बसा अंधारात. निमोण्यात भारनियमनात अभ्यास केलास ना? विसरलीस.

प्रतिभा : विसरले नाही. म्हणून तर इथं आले.

सूरज : कुणाच्या जिवावर? विमानतळावर घ्यायला कोण आलं होतं?

प्रतिभा : तू आला होतास. आणि तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही वादात तू मला त्या विमानतळावर नेऊन उभी करतोस. पुढं सरक, रांग हलली.

सूरज : ऐक. खरा मुद्दा माणसांचा हाय. बाहेरून येणारी माणसं कमी करायची. पर्मनंटवाले चौथा हिस्सा कमी, स्टुडंट कमी. घरं मिळत न्हाईत ती कशामुळं? माणूस जास्त झाला.

प्रतिभा : तू स्टुडंटच होतास.

सूरज : होतो.

प्रतिभा : न्हावऱ्याला पायरीला लटकून एसटीत चढायचं. आत बूड टेकलं की कंडक्टरला म्हणायचं, मार बेल, निमोण्याच्या फाट्याला थांबू नको.

सूरज : गाडी भरली की बेल मारावीच लागती. त्यात पाप कसलं? तुझा मच्छिंद्र रातपाळी करून येतो, तुम्ही तिघं एका खोलीत. पोरगी रडली की तो गाडीत जाऊन झोपतो, त्यानंच सांगितलं मला. अजून गाड्या भरून माणसं आली तर मिळंल का तुला दुसरी खोली?

प्रतिभा : घराचं तुझं खरं आहे. लेबरला ते जमलेलं नाही. मी काय त्यांची आरती करत नाही.

सूरज : मग घे कागद.

प्रतिभा : पण आईला हे सांगितलंस का? माणसं कमी करणार आहेत म्हणून? कारण आई मला वेगळंच म्हणाली. ‘सूरजचा पक्ष आला की म्हाताऱ्यांची कागदं निघत्यात. मग मी धनूकडं येते.’

सूरज : काहीतरी सांगावं लागतं माणसाला. तिला काय तेलावरचा कर समजावू?

प्रतिभा : तिला यायचंय म्हणून तिनं भंडारा उचलला. आणि तू मत कशाला मागतोयस, तर ती येऊ नये म्हणून.

सूरज : शब्द फिरवू नको. कॉलेजात डिबेट जिंकलीस म्हणून इथं चालत न्हाई.

प्रतिभा : थांब. मी तिला व्हिडिओ कॉल लावते. आई? आई, ऐकू येतंय?

तानुबाई : कोन? परतिभा का? झालं का मत?

प्रतिभा : आई, सकाळची सुई घेतलीस?

तानुबाई : घेतली की. उठल्या उठल्या. दुधात भाकर कुस्करली व्हती, तवर सूरज फोनवर आला. मग भंडारा उचलला. वाटी तशीच झाकून हाय.

प्रतिभा : इन्सुलिनची सुई घेतलीस आणि काहीच खाल्लं नाहीस?

तानुबाई : आता कसं खायाचं, बाय.

प्रतिभा : घाम येतोय का?

तानुबाई : अंग वलंचिंब झालंय. उनाळाच हाय. हात जरा कापत्यात. तू दोन दोन दिसतीयास.

प्रतिभा : शंभूला हाक मार. शेजारी आहे ना?

तानुबाई : शंभू न्हाई, कुनीच न्हाई. समदी गल्ली टेम्पोत बसून केडगावला लग्नाला गेली. म्या न्हाई गेले, गुडघं कुटं वर चडत्यात.

प्रतिभा : ऐक, आई. मी मत दिलं. दादाबरोबरच दिलं. आता ती वाटी घे आणि खा.

तानुबाई : दिलंस? बरं झालं. सूरज, व्हय का रं?

सूरज : अजून रांगेत हाय ती, आई. दार अजून यायचंय.

प्रतिभा : दादा.

सूरज : आईशी खोटं बोलू नको. भंडारा हाय मधी.

तानुबाई : परतिभा, असं करू नये. म्या थांबते की. घाई न्हाई.

प्रतिभा : एक मिनिट थांब, आई. मी आवाज बंद करते, बाजूला बोलायचंय. दादा, इकडं ये. मी वृद्धाश्रमात काम करते. साखर उतरलेला माणूस मी आठवड्याला बघते. घाम, थरथर, दोन दोन दिसणं. यापुढं माणूस बडबडतो आणि त्यापुढं बोलत नाही. आत्ताच्या आत्ता तिला सांग, मत पडलं, खा.

सूरज : तू तिथं म्हाताऱ्यांचे डायपर बदलतीस. डॉक्टर कवा झालीस?

प्रतिभा : सांग तिला.

सूरज : तू मत टाक, मी सांगतो. चार माणसं पुढं हायेत, कितीसा वेळ लागतो.

प्रतिभा : तिला इथं आणायचं आमिष दाखवलंस आणि तिथं उपाशी बसवलीस.

सूरज : आणायचं? आणून ठेवणार कोण? तू? त्या एका खोलीत? का मी? माझ्या घरी उमेदवार येतो, चार गोरी माणसं येत्यात. ही पुढच्या दारात मिशेरी लावत बसणार आन् गवतात थुंकणार. तिकडं हाय तेच बरं हाय. आन् खरं सांग, तुला तरी पाहिजे का ती इथं? चार वर्षांत एकदा गेलीस.

प्रतिभा : मला पाहिजे होती. धनू झाली तेव्हा.

सूरज : तवा. बाळंतपणाला. आता पोरगी पायावर उभी राहिली, आता न्हाई. मग बोट मलाच का दाखवती?

तानुबाई : आवाज येतुया, सूरज.

प्रतिभा : आई… बटण नीट दाबलं गेलं नाही माझ्याकडून.

तानुबाई : समदा येतुया. मिशेरी म्या कवाच सोडली, ल्येका. डाक्टरनी सांगितलं तवाच. तुला कुनी बोललं न्हाई वाटतं.

सूरज : आई, ते आपलं बोलायच्या भरात… तू मनाला लावून घेऊ नको.

तानुबाई : न्हाई, न्हाई. तुजं घर हाय. तुला जसं बरं वाटंल तसं.

प्रतिभा : आई, ऐकलंस ना सगळं? मग आता तरी खा. कोण आणतंय तुला, कोण नाही, ते कळलं ना?

तानुबाई : म्या ऐकलं म्हनून देवानं ऐकलेलं पुसतं का? उचललाय तो उचललाय. नातीचं नाव घेऊन उचललाय, परतिभा. मोडला तर तिच्यावर जायाचं. मग मला घास ग्वाड लागंल का?

प्रतिभा : कुणाचं नाव घेऊन?

तानुबाई : धनूचं. म्या म्हनलं माजं घेते. सूरज म्हनला, तुजं न्हाई, लेकराचं घे. म्हंजी परतिभा आडून बसायची न्हाई.

प्रतिभा : दादा, माझ्या पोरीचं नाव?

सूरज : नावानं काय होतंय? तू शिकलेली. तुझा तर इश्वासच न्हाई.

प्रतिभा : माझा नाही. तुझा आहे. तुझा असून तू तिचं नाव घ्यायला लावलंस.

सूरज : इश्वास न्हाई, मग गाडीत हात का घातलास? मगापासून बघतोय, पोरीच्या डोक्यावरनं हात काढला न्हाईस.

प्रतिभा : मी मतच देत नाही. निघते. मत न दिल्याच्या दंडाची नोटीस येऊ दे घरी.

सूरज : जा. मग आईला काय सांगू? न पडलेलं मत माझ्याबरोबर पडलं म्हणू?

प्रतिभा : म्हण. खोटं बोल. एरवी बोलतोसच की.

सूरज : देवाच्या कामात न्हाई बोलत. जेजुरीला जाऊन विचार, तिथं कुणी मला खोटारडा म्हणणार न्हाई.

प्रतिभा : बरं. दे कागद. तू म्हणतोस तसे उमेदवारांपुढं नंबर टाकते. धनूची शपथ घेऊन सांगते. आता तरी तिला सांग. मी आत जाईपर्यंत दोन घास तरी पोटात जातील.

सूरज : शपथ? आत्ता एक मिनिटापूर्वी तिच्याशी खोटं बोललीस तू. आधी नंबर, मग फोटो, मग माझा शब्द.

प्रतिभा : तुझी आई आहे ती.

सूरज : तुझीबी हाय. म्हणून तर लवकर टाकशील.

प्रतिभा : दादा, पट्टी आली. हिच्या आत पत्रकवाल्याला येता येत नाही.

सूरज : सहा मीटर. माहीत हाय मला नियम. मी कशाला येऊ? आई हाय की तुझ्याबरोबर आत.

प्रतिभा : आई, ऐकतेस ना? मी आत आले. आता हळू बोलते. नाव विचारलं, पत्ता विचारला, कागद दिले हातात. शाई नाही लावत इथं बोटाला.

तानुबाई : मेंढरं कुनी सोडली?

प्रतिभा : काय?

तानुबाई : वाघुरीच्या जाळीतनं भाईर आल्यात. वरडत्यात बग.

प्रतिभा : आई, मेंढरं नाहीत आता. आप्पा होते तेव्हाच विकली. तू घरात आहेस, निमोण्यात. देव्हाऱ्यापुढं. बोलत राहा माझ्याशी. मी नंबर टाकतेय. एक, दादाच्या माणसाला. टाकला, आई. खरंच टाकला.

तानुबाई : तुजा बा पान्यावर गेलाय का त्यास्नी घिऊन?

प्रतिभा : दोन. सगळ्यांना नंबर द्यावे लागतात, आई, नाहीतर मत बाद होतं. तीन. तू हात पुढं कर. वाटीवरचं झाकण काढ.

तानुबाई : सूरजनं सांगितलं का?

प्रतिभा : सांगेल, आत्ता सांगेल. तू नुसतं बोट बुडव दुधात आणि जिभेला लाव. बोट लावणं म्हणजे घास नाही, आई. देवाला चालतं. चार. पाच.

तानुबाई : आसं लबाडीचं करू नये. लेकरू हाय मधी.

प्रतिभा : लेकराला काही होत नाही. इथंच आहे, गाडीत. धनू, आजीला हाक मार. मार ना, बाळा. आई, ही बघ, बघतेस का? सहा. झालं. फोटो काढला. पाठवला त्याला. आई, वाटी कुठं आहे?

तानुबाई : पानी लई लांब हाय गं.

प्रतिभा : आई, मी पेटीत टाकतेय. टाकलं. आता बाहेर पळत जाते आणि दादाला तुझ्याशी बोलायला लावते. आई? आई, हूं तरी म्हण.

सूरज : आला बरं का फोटो. एक नंबर बरोबर हाय. बाकीचे आकडे एवढे वाकडे का काढलेस?

प्रतिभा : तिच्याशी बोल. फोन चालू आहे, पण कलंडलाय, नुसतं छत दिसतंय, ती बोलत नाही.

सूरज : आई. ए आई. पडलं गं मत, परतिभाचं पडलं. खा आता.

प्रतिभा : परत सांग. जोरात.

सूरज : आई, खा म्हणलं. भंडारा सुटला. फोन ठेवून गेली असंल अंगणात.

प्रतिभा : तिला उठता येत नव्हतं.

सूरज : मग डोळा लागला असंल. पहाटं उठती ती. मी मेसेज बोलून टाकतो, उठल्यावर ऐकंल. मी शब्द पाळला, पुढं तिचं ती बघंल.

प्रतिभा : तिला मेसेज लावता येत नाहीत. शंभू लावून देतो. शंभूचा फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाही. तुझ्याकडं गावातल्या कुणाचा नंबर आहे? डेअरीचा? सरपंचाचा?

सूरज : सगळी लग्नात असणार, बँडपुढं. बारके, बाजूला हो, व्हॅन आली, आपलीच माणसं हायेत सगळी. तू पोरीला स्टॉलवरचा पाव-सॉसेज खाऊ घाल. आन् संध्याकाळी घरी ये निकाल बघायला. फुगा तेवढा निळा घे. रामराम, या या, हा कागद धरा. व्हय, व्हय, ही माझी धाकटी बहीण. आत्ताच मत टाकून आली.

प्रतिभा : नमस्कार. मी प्रतिभा, निमोण्याच्या म्हस्कू मेंढपाळांची धाकटी लेक. गावाच्या ग्रुपवर बोलतेय. गावातली बहुतेक माणसं केडगावच्या लग्नात आहेत, त्यांना फोन ऐकू येत नसेल. म्हणून हे ज्याच्यापर्यंत पोचेल त्याला सांगते, मग तुम्ही आम्हाला ओळखत असा किंवा नसा. न्हावऱ्यात असाल, शिरूरला असाल, दौंडच्या वाटेवर असाल, तरी तुम्ही माझ्यापेक्षा जवळ आहात. दूध डेअरीच्या मागं, चिंचेला लागून आमचं घर. दार नुसतं ओढलेलं असेल. आत माझी आई आहे, तानुबाई. तिची साखर उतरलीय. एकदा बघून या तिला. शुद्धीत नसेल तर पाणी पाजू नका, ठसका लागेल. साखर ओली करून हिरडीला चोळा आणि एकशे आठला फोन करा. शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी द्या. ती नको म्हणेल. प्रतिभानं पाठवलंय असं सांगू नका. सूरजनं पाठवलंय म्हणा. मग तोंड उघडेल ती.